बॅरिंजर यांचा खड्डा

उपग्रहाने टिपलेल्या चित्रात गोल खड्डा दिसला, की मला डॅनियल बॅरिंजर आठवतात. वकिली सोडून खाणींच्या धंद्यात शिरलेले हे अमेरिकन गृहस्थ १८६० साली जन्मले. ॲरिझोनातील सव्वा किलोमीटर रुंदीचा एक खड्डा वाफेच्या स्फोटाने झाला, असा निर्वाळा नामवंत भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी दिला होता. बॅरिंजर यांना मात्र तो उल्कापाताचा वाटला. १९०३ मध्ये त्यांनी जागेचा हक्क मिळवला आणि उल्केच्या लोखंडासाठी सुमारे पाव शतक तळाशी छिद्रे घेतली. संपत्ती गेली, लोखंड मिळाले नाही. १९२९ मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणिताने दाखवले, की उल्का अपेक्षेपेक्षा फार लहान होती आणि आघातातच बहुतांशी नष्ट झाली. लगेच त्याच वर्षी बॅरिंजर हृदयविकाराने वारले. १९६० मध्ये तेथील खडकात प्रचंड दाबानेच बनणारे कोएसाइट हे खनिज सापडले आणि त्यांचे म्हणणे सिद्ध झाले. आपल्या लोणारचीही ओळख अशीच, आघाताने बदललेल्या खडकांवरून पटली. गोल आकार ज्वालामुखीचाही असतो. चित्र जागा दाखवते, साक्ष खडकच देतो. त्या साक्षीसाठी सर्वस्व वेचणारा हा हट्टी माणूस मला म्हणूनच मोठा वाटतो.