स्मिता पाटील आणि खानदेशाचा हक्क

कीर्तिमान माणसांवर आपापल्या प्रदेशाने हक्क सांगावा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. धुळे-जळगावकडील रसिक स्मिता पाटील यांचा उल्लेख शिरपूरची लेक म्हणूनच करतात. वस्तुतः त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला आणि शालेय शिक्षणही तेथेच झाले. शिरपूर हे त्यांच्या घराण्याचे गाव. तेव्हा हा हक्क केवळ आडनावापुरता आहे, की त्यास अधिक भक्कम आधार आहे, याचा विचार केला पाहिजे.

वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यसैनिक; पुढे ते राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका व समाजसेविका होत्या. घरच्या सेवाभावाला राष्ट्र सेवा दलाच्या संस्काराची जोड मिळाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि थोड्याच काळात मराठी बातम्या देणारी ही सावळी, बोलक्या डोळ्यांची तरुणी मुंबईकरांच्या परिचयाची झाली. ते प्रक्षेपण त्या वेळी खानदेशापर्यंत पोहोचत नव्हते. तापीकाठच्या प्रेक्षकांना त्यांची ओळख झाली ती चित्रपटांतूनच.

श्याम बेनेगल यांनी १९७५ च्या ‘निशांत’मध्ये त्यांना संधी दिली. ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. त्यातील खेडवळ बिंदू त्यांनी साकारली. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ (१९७७) आणि जयवंत दळवींच्या कादंबरीवरील ‘चक्र’ (१९८१) या दोन्ही चित्रपटांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. मराठीत जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ (१९७७) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांनी त्यांचे स्थान निश्चित केले. महिला सुधारगृहाच्या कामासाठी घर सोडणारी सुलभा महाजन पाहून कित्येक सुशिक्षित कुटुंबांत वाद झडले. ‘नमक हलाल’सारख्या धंदेवाईक चित्रपटांत त्या दिसल्या तेव्हा चाहते नाराज झाले, हेही खरे. परंतु ती नाराजी त्यांच्याविषयीच्या अपेक्षेतूनच जन्मली होती. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खानदेशाच्या हक्काचा खरा आधार या भूमिकांत आहे. केतन मेहता यांच्या ‘मिर्च मसाला’त सोनबाई मसाल्याच्या कारखान्यात आश्रय घेते आणि तेथील बायका अखेर मिरचीच्या पुडीनेच सुभेदाराचा प्रतिकार करतात. कथा गुजरातेतली खरी. पण १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नंदुरबारच्या मिरची बाजाराशी परिचय असलेल्यास ती परकी वाटत नाही. मिरचीचे देठ खुडताना हात पोळून घेणाऱ्या स्त्रिया येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा स्त्रीला दयेचा विषय न करता कथेची नायिका करणे, हे स्मिता पाटील यांचे कार्य होय.

हा चित्रपट १९८७ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्या हयात नव्हत्या. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी पुत्रजन्म झाला आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने १३ डिसेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१. दैवगती म्हणून हा मृत्यू विसरून चालणार नाही. बाळंतिणीचा धोका प्रसूतीबरोबर संपत नाही, म्हणूनच वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस तिच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानते. मुंबईसारख्या महानगरात, सर्व साधने हाताशी असता, पंधराव्या दिवशी हा घाला पडला. मग सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर बाळंतिणीची विचारपूस त्या दिवसांत कोण करते, हा प्रश्न खानदेशाने स्वतःला विचारावयास हवा.

दर वर्षी १३ डिसेंबरला प्रतिमेस हार घालणे सोपे आहे. त्या दिवशी धुळ्या-जळगावात ‘उंबरठा’ किंवा ‘मिर्च मसाला’ पुन्हा दाखवावा आणि त्याच सप्ताहात पाड्यापाड्यांवरील बाळंतिणींची तपासणी व्हावी. हक्क सांगणाऱ्यावर काही देणेही असते. परिचारिकेच्या या लेकीवर हक्क सांगणाऱ्या खानदेशाने ते अशा रीतीने फेडावे.