छपाईच्या एका चुकीमुळं ट्रेन हुकली आणि या माणसानं जगाची घड्याळं जुळवायचा घाट घातला

1876 सालचा जुलै महिना. आयर्लंडमधलं बंडोरन नावाचं छोटं स्टेशन. एक उंचापुरा, दाढीवाला इंजिनिअर संध्याकाळी 5:35 ची ट्रेन पकडायला आला. वेळापत्रकात तसंच छापलं होतं.

ट्रेन आलीच नाही. ती पहाटे 5:35 ला निघून गेली होती. छापणाऱ्यानं सकाळच्या जागी संध्याकाळ छापली होती, बस. साहेबांना रात्र स्टेशनवर काढावी लागली आणि पुढं इंग्लंडला नेणारी बोटही चुकली.

आपल्यासोबत असं झालं असतं तर आपण चार शिव्या हासडून, एक पोस्ट टाकून मोकळे झालो असतो. पण हे होते सँडफोर्ड फ्लेमिंग. त्यांनी विचार केला की घड्याळात बारा-बारा तासांचे दोन फेरे मुळात हवेतच कशाला? सरळ चोवीस तास मोजा. आणि तिथून पुढं त्यांची गाडी जी सुटली ती थेट अख्ख्या पृथ्वीच्या वेळेवर जाऊन थांबली.

आज पुण्यातला पोरगा टोरंटोच्या क्लायंटसोबत कॉल लावतो तेव्हा फोन आपोआप दोन्हीकडची वेळ दाखवतो. त्याच्यामागं या माणसाची काही दशकांची पत्रापत्री आहे.

फ्लेमिंग मूळचे स्कॉटलंडचे. 7 जानेवारी 1827 ला कर्कॉल्डीत जन्म. 1845 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, भावासोबत कॅनडाला गेले. सर्व्हेअर म्हणून कामं घेतली. 1851 मध्ये कॅनडा प्रांताचं पहिलं पोस्टाचं तिकीट निघालं, बीव्हर प्राण्याचं चित्र असलेलं. ते यांनीच डिझाइन केलेलं. पण खरं नाव झालं ते रेल्वेत. इंटरकलोनियल रेल्वेचे ते मुख्य इंजिनिअर होते आणि 1871 पासून कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या पॅसिफिक रेल्वेचा सर्व्हे त्यांच्याकडं आला.

आता इथं खरी गोम आहे. तेव्हा प्रत्येक गाव आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणं घड्याळ लावायचं. सूर्य माथ्यावर आला की बारा वाजले. बैलगाडी आणि घोड्याच्या जमान्यात याचा कुणालाच त्रास नव्हता. पण रेल्वे एका दिवसात शेकडो मैल कापू लागली तसा घोळ सुरू झाला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मिळून पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा वापरत होत्या. एकाच स्टेशनवर वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी वेळ दाखवणारी घड्याळं टांगलेली असायची.

फ्लेमिंग यांचं गणित साधं होतं. पृथ्वी 360 अंश फिरते, त्याला 24 तास लागतात. म्हणजे तासाला 15 अंश. मग जगाचे 24 पट्टे करा. एका पट्ट्यात एकच वेळ. शेजारच्या पट्ट्यात बरोबर एक तासाचा फरक, मिनिटकाटा मात्र जगभर एकाच जागी. प्रत्येक पट्ट्याला त्यांनी इंग्रजी अक्षर दिलं आणि आकडे व अक्षरं दोन्ही दाखवणारं खास घड्याळ लंडनमध्ये बनवूनही घेतलं.

खरं सांगायचं तर ही कल्पना सुचलेले ते एकटे नव्हते. अमेरिकेत चार्ल्स डाऊड यांनी आधीच रेल्वेसाठी पट्ट्यांची योजना मांडली होती. फ्लेमिंग वेगळे ठरले ते चिकाटीत. एका देशानं आपली वेळ नीट करून भागणार नाही, सगळ्यांना एका टेबलावर बसवावं लागेल, हे त्यांनी धरून ठेवलं.

1879 मध्ये त्यांनी टोरंटोच्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटसमोर आपले निबंध मांडले. कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनी ते लंडनला धाडले आणि तिथून ते इतर सरकारांपर्यंत पोहोचले. प्रतिसाद काय? ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी थंडा प्रतिसाद दिला. स्कॉटलंडचे पियाझी स्मिथ यांचं म्हणणं तर असं की मूळ रेखा धरायचीच असेल तर ती इजिप्तच्या पिरॅमिडवरून धरा! रशियाच्या ओटो स्ट्रुव्ह यांनी मात्र पाठिंबा दिला. फ्लेमिंग पत्रकं छापत राहिले, पाठवत राहिले. 1880 मध्ये पॅसिफिक रेल्वेचं पद गेलं, तरी हे काम त्यांनी सोडलं नाही. 1881 मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेतही ते जाऊन आले.

18 नोव्हेंबर 1883 ला अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी नवी वेळ स्वीकारली. आणि ऑक्टोबर 1884 मध्ये अमेरिकेच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनला परिषद भरली. 25 देश, 41 प्रतिनिधी. जपान होता, तुर्कस्तान होतं, लायबेरिया होता, तेव्हा स्वतंत्र असलेलं हवाईसुद्धा होतं. भारताला वेगळी खुर्ची नव्हती. भारतात अनेक वर्षं अधिकारी राहिलेले जनरल रिचर्ड स्ट्रॅची ब्रिटनच्या बाजूनं बसले होते. खुद्द फ्लेमिंग कॅनडातर्फे गेले होते, पण तेही ब्रिटनच्याच शिष्टमंडळात.

भांडण पेटलं शून्य रेखांश कुठं धरायचा यावरून. फ्रान्सला ग्रिनिच नको होतं, त्यांना कुणाच्याच मालकीची नसलेली तटस्थ रेषा हवी होती. गंमत म्हणजे फ्लेमिंग यांच्या मनातही जवळपास तेच होतं. ग्रिनिचच्या बरोबर विरुद्ध बाजूची, पॅसिफिक समुद्रातून जाणारी रेषा घ्या, म्हणजे कुठल्या देशाचा मान-अपमान नको आणि जहाजांचे नकाशेही फारसे बदलायला नकोत, असा त्यांचा तोडगा होता. जगातल्या जहाजांच्या एकूण टनेजपैकी 72 टक्के ग्रिनिच वापरतं, हा आकडा मांडणारेही तेच. पण त्यांच्याच शिष्टमंडळातले प्राध्यापक ॲडम्स यांनी उभं राहून सांगितलं की हे ब्रिटनच्या बाकी प्रतिनिधींचं मत नाही.

13 ऑक्टोबरला मतदान झालं. ग्रिनिचच्या बाजूनं 22, विरोधात फक्त सॅन डोमिंगो. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ.

म्हणजे फ्लेमिंग यांची रेषा गेली. अक्षरांची पद्धतही गेली. आणि 24 पट्ट्यांचं काय? परिषदेनं ते कुणावर बंधनकारक केलेच नाहीत. ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

त्यामुळं पुढची गाडी एकेका देशाच्या मर्जीनं चालली. परिषदेत बसलेल्या जपाननं 1888 च्या सुरुवातीपासून नवी वेळ लागू केली. जर्मनीत म्हाताऱ्या फील्ड मार्शल मोल्टके यांनी सैन्याच्या हालचालींचं कारण देत संसदेत त्यासाठी भाषण केलं आणि 1893 मध्ये तिथं एकच वेळ आली. फ्रान्स तर 1911 पर्यंत अडून बसला. शेवटी कायदा केला तोही कसा, तर पॅरिसची वेळ 9 मिनिटं 21 सेकंद मागं घ्यावी! ती ग्रिनिचचीच वेळ होते, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव काही येऊ दिलं नाही.

आणि आपली मुंबई? वॉशिंग्टनच्या आधीच, 1881 मध्ये, गव्हर्नर फर्ग्युसन यांनी अर्धा तास पुढं असलेली मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली होती. लोकांनी विरोध केला, सरकारला माघार घ्यावी लागली. मग 1906 मध्ये सरकारनं देशभर साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आणली. (हा अर्धा तास फ्लेमिंग यांच्या योजनेत बसतच नाही, ती गोष्ट वेगळी.) मुंबईचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढं जाणार होतं. गिरणी कामगारांसाठी याचा अर्थ सरळ होता, सूर्य तोच, पण भोंगा 39 मिनिटं लवकर. कामगार चिडले, सभा झाल्या, आणि मुंबईच्या महापालिकेनं आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली. सरकारी कचेरीत आणि रेल्वेत एक वेळ, शहरात दुसरी.

इकडं फ्लेमिंग कॅनडातून ऑस्ट्रेलियापर्यंत समुद्राखालून तारेची केबल टाकण्याच्या मागं लागले होते. ती 1902 मध्ये पूर्ण झाली. 1880 पासून ते क्वीन्स विद्यापीठाचे कुलपती होते, 1897 मध्ये 'सर' झाले. 22 जुलै 1915 ला हॅलिफॅक्समध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी ते गेले.

तेव्हाही मुंबईच्या महापालिकेचं घड्याळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागंच होतं. ते पुढं सरकलं स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात.