परक्या पाखरांची ओळख

माळरानावर वा बंगल्यासमोरच्या हिरवळीवर डोक्यावरचा तुरा उघडमीट करीत फिरणारा हुदहुद महाराष्ट्राला नवा नाही. इंग्लंडमध्ये मात्र तो क्वचितच येणारा पाहुणा. अठराव्या शतकात या पक्ष्याची एक जोडी हॅम्पशायर परगण्यातील सेलबोर्न गावी एका बागेलगत उतरली आणि काही आठवडे तेथे रमली. बागेचे मालक होते निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट.

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबोर्न येथेच झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले. गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरुपद दुसऱ्या महाविद्यालयाच्या अखत्यारीत असल्याने त्यांना ते कधीच मिळाले नाही. साहाय्यक पदावर समाधान मानून त्यांनी बाग, रान आणि पाखरे यांच्या नोंदी ठेवल्या. १७५१ पासून बागेची दैनंदिनी सुरू झाली.

पक्षी मारून ओळखण्याचा तो काळ. व्हाइटही मृत नमुने तपासत. पण त्यांचा भर डोळ्यांवर आणि कानांवर होता. दिसायला जवळपास सारख्या असलेल्या तीन छोट्या वटवट्यांचे आवाज वेगळे आहेत, म्हणून त्या तीन स्वतंत्र जाती आहेत, हे त्यांनी १७६८ मध्ये टॉमस पेनंट यांना पत्राने कळविले.

हुदहुदांची हकीकतही पेनंट यांच्याच पत्रव्यवहारात आहे. ही जोडी तेथेच घरटे करील, अशी चिन्हे व्हाइट यांना दिसली होती. परंतु गावातील उनाड मुलांनी त्यांना क्षणभर स्वस्थता लाभू दिली नाही.

एप्रिल १७७९ मध्ये फ्रेन्शमच्या तळ्यावर सहा अनोळखी, लांब पायांचे पक्षी आले. त्यांपैकी पाच गोळीला बळी पडले. कुतूहल शमल्यावर सहावा तेवढा सोडून देण्यात आला. त्यांतील एक नमुना व्हाइट यांनी मिळविला. वजन अवघे सव्वाचार औंस, पाय शरीराच्या मानाने विलक्षण लांब आणि मागचे बोट मुळीच नाही. या मोजमापांवरून व जुन्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी त्याची ओळख पटविली. तो होता आपल्याकडील पाणथळींवर सहज आढळणारा शेकाट्या.

पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या पत्रांतून 'द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न' हा ग्रंथ साकारला. त्यावर प्रकाशनवर्ष १७८९ आहे. वाट चुकून आलेल्या पाखराचे नाव शोधण्याइतकेच त्याला निवांत राहू देणेही मोलाचे, हा धडा त्यातील या दोन प्रसंगांत दडला आहे. आज दुर्मीळ पाहुण्याची वार्ता कळताच दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांनाही तो लागू पडतो.

२६ जून १७९३ रोजी व्हाइट यांचे सेलबोर्नमध्येच निधन झाले. त्यांच्या साध्या समाधीशिळेवर नावाची केवळ आद्याक्षरे आणि ती तारीख कोरलेली आहे.