सूज शत्रू नाही, हे दाखवून देणारा माणूस : इल्या मेचनिकॉव्ह

पायात काटा मोडला आणि तो तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आणखी एक-दोन दिवसांत तिथे पू धरतो. काटा तर एवढासा असतो, मग शरीर एवढा गोंधळ का घालतं?

माझ्या दवाखान्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. हातात सीआरपीचा रिपोर्ट असतो आणि रुग्ण म्हणतात की डॉक्टर, सूज वाढली आहे, ती लगेच बंद करणारं काहीतरी द्या. नीट उत्तर द्यायचं तर मला एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. तो डॉक्टर नव्हता, प्राण्यांचा अभ्यासक होता. पण सूज म्हणजे काय, हे डॉक्टरांना त्यानेच शिकवलं.

खारकीवजवळचं बालपण

इल्या मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकीवजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा तो रशियन साम्राज्यात होता. मुलगा हुशार आणि कमालीचा अधीर. विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला. पुढे जर्मनी आणि इटलीत समुद्रातले बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात त्याचे दिवस गेले. १८७० मध्ये ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

घरात मात्र आजारपण होतं. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी लग्न केलं. त्यांना क्षयरोग होता आणि अशक्तपणा इतका, की लग्नासाठी त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. चांगल्या हवेसाठी ते त्यांना मदेरा बेटापर्यंत घेऊन गेले, पण १८७३ मध्ये त्या गेल्या. या धक्क्यात मेचनिकॉव्ह यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरं लग्न केलं. काही वर्षांनी ओल्गा यांना टायफॉईड झाला. त्या बऱ्या झाल्या, पण मेचनिकॉव्ह पुन्हा नैराश्यात गेले. १८८१ च्या सुमारास त्यांनी एका तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. फार आजारी पडले, पण या वेळीही वाचले. त्या आजारातून उठल्यावर मात्र त्यांना जगण्याची नव्याने ओढ लागली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, ते सगळं या काळोख्या वर्षांच्या नंतरचं आहे. तुमच्या घरात कोणी दीर्घ आजाराने किंवा रुग्णाची सेवा करून असं खचलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या मोफत सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो.

तारामासा आणि गुलाबाचा काटा

१८८२ मध्ये ओडेसातल्या राजकीय गोंधळाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना गावी आले. डिसेंबरमध्ये एक दिवस घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेचनिकॉव्ह घरी एकटेच तारामाशाचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले होते. हे पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे आतल्या हलत्या-फिरत्या पेशी दिसतात. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे त्यांना माहीत होतं. अचानक त्यांच्या मनात आलं की याच पेशी शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूवरही चालून जात असतील का?

ते बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. तारामाशाला ना रक्तवाहिन्या, ना मज्जारज्जू. तरीही तिथे जणू काटा पिकण्याचीच सुरुवात झाली होती.

त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना वाटे की सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, आणि पांढऱ्या पेशी तर जंतूंना शरीरभर पसरवतात. मेचनिकॉव्ह म्हणू लागले की सूज ही शरीराची राखणदारी आहे. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. या पेशींना फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असं नाव मिळालं. १८८४ मध्ये त्यांनी पाण्यातल्या पिसवांवर हेच दाखवलं. पेशींनी बुरशीचे बीजाणू गिळले तर पिसू वाचते, गिळता आले नाहीत तर मरते.

विरोध, पॅरिस आणि मुंबईचा धागा

१८८६ मध्ये ओडेसात श्वानदंशाच्या लशीसाठी संस्था निघाली आणि ते तिचे प्रमुख झाले. पण ते डॉक्टर नसल्याने स्थानिक डॉक्टरांचा विरोध होता. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना प्रयोगशाळा दिली आणि उरलेलं आयुष्य ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच राहिले.

त्यांचा एक विद्यार्थी, वाल्देमार हाफकिन, ओडेसाहून त्यांच्यामागे पॅरिसला आला. हेच हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईला आले आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्यांचंच नाव आहे.

जर्मनीतले शास्त्रज्ञ मात्र मेचनिकॉव्ह यांच्या विरोधात होते. त्यांच्या मते जंतू मारतात ते रक्तातले घटक, पेशी नव्हेत. हा वाद पंचवीस वर्षं चालला. शेवटी १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिक यांना मिळून देण्यात आलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शरीराला भक्षक पेशीही लागतात आणि अँटिबॉडीही.

पेशीला कळतं कसं?

एक प्रश्न मेचनिकॉव्ह यांच्या हयातीत सुटला नाही. पेशीला डोळे नाहीत, मग शत्रू आला हे तिला कळतं कसं?

याचं उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं की टोल नावाचा जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. दोन वर्षांत माणसाच्या आणि उंदराच्या पेशींवरच्या तशाच प्रथिनांचं काम उलगडलं. त्यांना टोलसारखे रिसेप्टर म्हणतात. दारावरच्या बेलसारखे ते पेशीच्या पृष्ठभागावर असतात.

जंतूच्या आवरणाचा तुकडा लागला की बेल वाजते. निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो आणि एनएफ-कप्पा-बी या प्रथिनापर्यंत पोचतो. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं. एरवी ते पेशीत कुलूपबंद असतं. निरोप आला की कुलूप तुटतं, ते पेशीकेंद्रात शिरतं आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ अशी रसायनं तयार करण्याचा हुकूम देतं. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, मदतीला आणखी पेशी येतात, ताप येतो. आयएल-६ यकृतात पोचलं की यकृत सीआरपी बनवतं. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा तिथून येतो.

मोलाची गोष्ट अशी, की एनएफ-कप्पा-बी स्वतःचं नवं कुलूपही तयार करायला लावतं. म्हणजे हुकुमातच ब्रेक असतो. काम झालं की सूज ओसरते. हा ब्रेक पुरेसा लागला नाही, तर सूज शत्रू नसतानाही चालू राहते. संधिवातात सांधे असेच झिजतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

म्हणून प्रत्येक सूज दाबायची नसते. आधी कारण शोधायचं असतं. सीआरपी वाढलं हा निरोप आहे, आजाराचं नाव नव्हे.

सूज दाबणारी औषधं याच निरोपाच्या वाटेवर काम करतात. स्टेरॉइड वाट अनेक ठिकाणी अडवतं. संधिवातात दिली जाणारी अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी इंजेक्शनं टीएनएफ अडवतात. त्यांनी अनेकांचे सांधे वाचवले आहेत. पण क्षयाच्या सुप्त जंतूंभोवती भक्षक पेशी जो वेढा घालतात, तो टिकवायलाही टीएनएफच लागतं. ते अडवल्यावर वेढा सैल पडून क्षय जागा होऊ शकतो, हे २००१ मध्ये ठळकपणे लक्षात आलं. म्हणून

- अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी टाळू नका. खोकला नसला तरी करा. आपल्या देशात सुप्त क्षय खूप लोकांत असतो.
- घरात कोणाला कधी क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.
- औषध चालू असताना बरेच दिवस ताप, खोकला, रात्रीचा घाम किंवा वजन कमी होणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.
- बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका. सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्याही घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

शेवटची वर्षं

उतारवयात मेचनिकॉव्ह म्हातारपणाचा अभ्यास करू लागले. आतड्यातले वाईट जंतू आपल्याला लवकर म्हातारं करतात असं त्यांचं मत होतं, म्हणून ते रोज आंबवलेलं दूध घेत. दही-ताक चांगलंच, पण त्यांना वाटलं तेवढी किमया त्यात नाही. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत.

पहिल्या पत्नीला नेणाऱ्या क्षयावर त्यांच्या हाती काहीच नव्हतं. आज आपल्याकडे चाचणी आहे आणि औषधही आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी सुजेच्या औषधाआधी क्षयाची चाचणी लिहून दिली, तर तो उगाच वाढवलेला खर्च समजू नका. ती करून घ्या, आणि रिपोर्ट जपून ठेवा.