मॅटरहॉर्नचा वाटाड्या
आल्प्समधील मॅटरहॉर्नची इटालियन धार म्हणजे ज्याँ-आंतोआन कारेल यांची कर्मभूमी. १८२९ साली वालतुर्नांश येथे जन्मलेल्या या वाटाड्याने १७ जुलै १८६५ रोजी त्या धारेने प्रथम शिखर गाठले. एडवर्ड व्हिंपर स्वित्झर्लंडच्या बाजूने तीनच दिवस आधी पोहोचले होते.

ऑगस्ट १८९० मध्ये ६१ वर्षांचे कारेल पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेल्या २२ वर्षांच्या लिओने सिनिगाल्या यांना घेऊन त्याच धारेवर गेले. सोबत आणखी एक वाटाड्या होता. हिमवादळाने तिघांना वरच्या झोपडीत अडकवले. अखेर वादळातच उतरण्याचा निर्णय झाला. बर्फाने माखलेल्या कड्यांवरून कारेल यांनी तासन्‌तास वाट काढली. अवघड टप्पा संपला, तरुण सोबती सुरक्षित झाला आणि थकलेल्या कारेल यांनी तेथेच प्राण सोडला. त्या जागी आज त्यांच्या स्मरणार्थ क्रूस उभा आहे.