श्रीसंत गाडगे महाराज : धर्म आणि अध्यात्म

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातील झिंगराजी जानोरकर यांच्या घरी मुलगा जन्मास आला. नाव ठेवले डेबूजी. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले, घर मोडले, आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरकडील दापुरे या गावी आपल्या माहेरी आली. मुलगा मामांची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. हाच डेबूजी पुढे श्रीसंत गाडगे महाराज म्हणून साऱ्या महाराष्ट्रास वंद्य झाला.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत गाडगेबाबांचे चरित्र कशासाठी, असे काही भाविकांच्या मनात येईल. ते येणे रास्त आहे. नवसाला, पशुबळीला, देवाच्या नावाने होणाऱ्या उधळपट्टीला या पुरुषाने जन्मभर विरोध केला. पंढरपूरला ते वर्षानुवर्षे यात्रेत जात, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जाण्याची त्यांनी कधी धडपड केली नाही. तरीसुद्धा त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही, उलट संत म्हटले. हे कसे घडले ते समजून घेणे देऊळ बांधणाऱ्यांनाच अधिक अगत्याचे आहे.

मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली होती. मामा निरक्षर आणि विश्वासू. पैसे दिले की फिटले, अशी त्यांची समजूत. पण पावती नाही, हिशेब नाही. कागद सावकाराच्या हाती, आणि कागद बोलतो तेच खरे ठरते. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. डेबूजींनी त्यानंतर राबून कर्जाशी झुंज दिली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा तरुण एकटा आडवा उभा राहिला. न शिकलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांना असे घरातच कळले. पुढे कीर्तनात पोरांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, असे ते कळवळून सांगत, त्याचे मूळ येथे आहे.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि मुले. त्या माउलींनी काय सोसले हे चरित्रग्रंथांत फारसे येत नाही, ते यायला हवे होते. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. तेथील स्नानाने माणूस ऋणातून सुटतो अशी श्रद्धा आहे. (मामांच्या जमिनीची गोष्ट ज्याने भोगली, त्याला हे नाव ऐकून काय वाटले असेल!) काठावर चिखल फार, म्हातारी माणसे घसरून पडत. सर्वजण पुण्य घेऊन घरी जात आणि चिखल तसाच राही. बाबांनी कुदळ-फावडे घेऊन दरड उतरती केली, पायवाट तयार केली. पाहता पाहता लोक हाताला लागले. पुढे १९०८ साली तेथे घाट बांधला गेला.

धर्माची एक बाजू डोळ्यांना दिसते. स्नान, उपवास, वारी, अभिषेक, देणगी. तिची पावतीसुद्धा मिळते. मन किती निवळले, दुसऱ्याचे दुःख आपल्याला किती टोचू लागले, याची पावती कोणी फाडून देत नाही. त्यालाच अध्यात्म म्हणावयाचे. पहिली बाजू खोटी आहे असे बाबांनी म्हटले नाही. त्यांची कीर्तने नामघोषातच न्हालेली असत, तुकोबांचे आणि कबीराचे वचन त्यांच्या तोंडी सदैव असे. परंतु पहिली बाजू झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. गावात शिरले की ते प्रथम खराटा हाती घेत. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन. समोरच्या श्रोत्यालाच प्रश्न विचारून उत्तर काढायचे, हसवता हसवता त्याच्या वर्मावर बोट ठेवायचे. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत. शिष्य केला नाही, गादी ठेवली नाही.

१९२३ मध्ये कोकणात कीर्तन चालू असता एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. कित्येकांना हे कठोर वाटते. पण दुसऱ्याच्या लेकरासाठी रडणाऱ्या माणसाचे आतून काय झाले असेल, ते बाहेरून मोजता येणार नाही.

पंढरपुरात त्या काळी अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोणी ओसरीसुद्धा देत नसे. मंदिराचे दार तर त्यांना साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर उघडले. त्याच्या पुष्कळ वर्षे आधी, १९२० च्या सुमारास, बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. देवळाची पायरी ज्यांना बंद, त्यांच्या डोक्यावर निदान छप्पर असावे म्हणून. हीच वास्तू त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या, सदावर्ते झाली, गोरक्षणे आणि शाळा झाल्या. लाखो रुपये त्या फुटक्या गाडग्यावरून गेले, पण पैशाला बाबांनी हात लावला नाही. विश्वस्त नेमून दिले आणि आपल्या नातेवाइकांचा त्या मिळकतींवर हक्क चालणार नाही, अशी लेखी तजवीज करविली. निरक्षर माणसाने कागदाचे महत्त्व असे ओळखले! ज्या कागदाने मामांची जमीन नेली, त्याच कागदाने त्यांनी गोरगरिबांच्या वास्तू राखल्या. देवस्थानांच्या पंचांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, त्यांचे चरित्र लिहिले. त्याच वर्षी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. वय झाले, प्रकृती खालावली, तरी पाय थांबले नाहीत. दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, दि. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. आपले स्मारक करू नये, मूर्ती बसवू नये, असे त्यांचे सांगणे होते. लोकांनी ते ऐकले नाही. अमरावतीस त्यांची समाधी आहे, तेथील विद्यापीठालाही २००५ पासून त्यांचे नाव आहे. पुण्यतिथीच्या दिवशी अनेक गावांतून तसबिरीला हार घालण्यापूर्वी लोक खराटे घेऊन गावातील गल्ल्या आणि देवळापुढचे पटांगण झाडून काढतात.