पश्चात्तापी संत ऑगस्टिन

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा पवित्र सण म्हणजे ईस्टर. इ. स. ३८७ मधील ईस्टरच्या रात्री इटलीतील मिलान नगरीत बत्तीस वर्षांच्या एका विद्वानाने बाप्तिस्मा घेतला. जलस्नानाने होणाऱ्या या दीक्षेत पूर्वीची सारी पापे धुतली जातात, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. हे विद्वान म्हणजे पुढे ख्रिस्ती जगताचे थोर आचार्य ठरलेले संत ऑगस्टिन.

त्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातील सूक अहरास येथे झाला. माता मोनिका परम श्रद्धाळू ख्रिस्ती होती. सोळाव्या वर्षी ऑगस्टिन यांनी सवंगड्यांसह शेजारच्या झाडावरील नासपतीची फळे रात्री चोरली. भूक नव्हती, फळेही विशेष गोड नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. अपराध क्षुल्लक खरा. परंतु मनुष्य केवळ पापाच्या गोडीने पाप करतो, हे त्यांना त्यातून पुढे उमगले.

कार्थेज येथे अध्ययन चालू असता एका स्त्रीशी त्यांचा संबंध जडला. विवाहावाचून दोघे अनेक वर्षे एकत्र राहिली. अदिओदातस नावाचा पुत्र झाला. पुढे मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक म्हणून मान मिळाला, अनुरूप वधू ठरली आणि त्या निष्ठावंत स्त्रीस आफ्रिकेला परत धाडण्यात आले. पुत्र पित्याजवळ राहिला. अंतःकरण विदीर्ण होऊनही ऑगस्टिन यांनी लवकरच दुसरी स्त्री जवळ केली.

मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांनी त्यांच्या बुद्धीतील शंका फिटत गेल्या. मन मात्र वासनेत गुंतलेलेच होते. ३८६ मध्ये एका उद्यानात ते व्याकूळ होऊन रडत असता, ग्रंथ उचलून वाचण्यास सांगणारा बालस्वर शेजारून कानी आला. त्यांनी संत पौलांची पत्रे उघडली. भोगविलास सोडून ख्रिस्ताला धारण करण्याचा उपदेश वाचताच चित्त शांत झाले. पुत्रासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी मोनिका कृतार्थ झाली. बाप्तिस्म्याच्याच वर्षी ओस्तिया येथे तिने देह ठेवला.

आफ्रिकेस परतल्यावर ते ३९१ मध्ये हिप्पो येथे धर्मगुरू व पुढे बिशप झाले. लोक पूज्य मानीत असता त्यांनी ‘कन्फेशन्स’ हा तेरा खंडांचा ग्रंथ परमेश्वरालाच संबोधून लिहिला. त्यात नासपतीची चोरी लपविली नाही, त्या स्त्रीचा वियोगही लपविला नाही. मात्र तिचे नाव त्यात नाही आणि पुढे तिचे काय झाले, हेही ग्रंथ सांगत नाही. देवाने क्षमा केली, तरी दुसऱ्याच्या जीवनावर उमटलेला घाव आपल्या हातांनी पुसता येत नाही. म्हणूनच पश्चात्ताप एका दिवसात संपत नाही. मनुष्य अश्रूंच्या मोलाने क्षमा विकत घेत नाही. ईश्वराची कृपा आधी येते आणि तिच्याच स्पर्शाने हृदय वळते, ही ऑगस्टिन यांची शिकवण होती.

इ. स. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असता ते रुग्णशय्येवर होते. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचीत ते अश्रू ढाळीत राहिले. अखेरचे सुमारे दहा दिवस त्यांनी एकांतात प्रार्थनेत घालविले. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला. त्या ईस्टरच्या रात्रीस तेव्हा ४३ वर्षे लोटली होती.